पोळ्याच्या दिवशी पेट्रोल बंद

पोळ्याच्या दिवशी सकाळी श्रीकृष्णराव अलोणींनी आपल्या स्कूटरला कुलूप लावलं, तिच्यावर जुन्या साडीचं पांघरूण घातलं आणि चावी देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी ठेवली. मग डोळे मिटून हात जोडले. ते देवाला जोडले की चावीला, हे रजनीबाईंना कळलं नाही.

"आज दिवसभर हिला कोणी हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"एरवी तरी कुठं लावू देता?" पुरण वाटता वाटता रजनीबाई म्हणाल्या.

ही स्कूटर श्रीकृष्णरावांनी भूमी अभिलेख कार्यालयात नोकरी लागल्यावर घेतली होती. पुढे लग्न झालं, केतकी झाली, केतकी शिकून नागपूरला नोकरीला गेली, श्रीकृष्णराव निवृत्त झाले. स्कूटर मात्र होती तिथंच राहिली. ती सुरू करायचा एक विधी होता. आधी तिला एका बाजूला झुकवायची, मग सरळ करायची, मग किक मारायची, आणि ती सुरू होईपर्यंत आजूबाजूला कोणी बोलायचं नाही. केतकी नागपूरला गेली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, पण मेकॅनिकनं इंजिन खोललं त्या दिवशी ते दुकानाबाहेर उभे राहून रुमाल शोधत होते. बायकांना क्लच समजत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे रजनीबाई सगळीकडे पायीच जात.

अलीकडे मात्र या स्कूटरनं त्यांची झोप उडवली होती. ती पेट्रोल फार प्यायला लागली होती. टाकी भरावी, भाजी आणि बँक एवढंच फिरावं, आणि बघावं तर काटा खाली. मेकॅनिक म्हणाला, इंजिनात काही दोष नाही. मग दोष पेट्रोलचा, पेट्रोलच्या भावाचा आणि ज्या लखनशेठच्या पंपावर ते भरत त्या लखनशेठच्या मापाचा, असं त्यांनी ठरवलं. रजनीबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "महागाईच तशी आहे." एवढा आधार मिळाल्यावर श्रीकृष्णरावांनी दारव्ह्यात ग्राहक जागृती मंच स्थापन केला आणि त्याचे अध्यक्ष झाले.

मंचाची सभा राममंदिराच्या सभागृहात झाली. एक दिवस सगळ्यांनी पेट्रोलवर बहिष्कार टाकायचा, म्हणजे कंपन्यांना घाम फुटेल आणि भाव खाली येतील, अशी श्रीकृष्णरावांची योजना होती. उपाध्यक्ष सदाशिवराव निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना प्रत्येक उत्तरात चूक शोधायची सवय होती.

"एक दिवस नाही भरलं तर लोक दुसऱ्या दिवशी भरतात, श्रीकृष्णराव. कंपनीला काय फरक पडते? आणि एक दिवस तरी कोण थांबणार? तुम्ही तर कोथिंबीर आणायलाही स्कूटर काढता."

सभा हसली. श्रीकृष्णरावांचे कान तापले. ते उभे राहिले आणि म्हणाले, "बहिष्काराच्या दिवशी माझ्या घरचं माणूस पेट्रोलवर फिरताना ज्याला दिसेल, त्यानं माझी स्कूटर घेऊन जावी. चावीसकट."

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माणसाला आपण काय बोललो ते जरा उशिरा ऐकू येतं. श्रीकृष्णरावांना ते घरी पोचल्यावर ऐकू आलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दिवस ठरला पोळ्याचा, कारण त्या दिवशी कचेऱ्यांना सुटी असते आणि सुटीच्या दिवशी बहिष्कार कोणालाही झेपतो. त्यातून मंचाचे खजिनदार, औषधांच्या दुकानाचे मालक नयनभाऊ यांना कल्पना सुचली की मोर्चा बैलगाडीतून न्यावा. बैलांचा सण, बैलांचीच मिरवणूक, आणि पेट्रोल शून्य. सगळ्यांना ती इतकी आवडली की तिच्यात काही खोट असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही. खरं तर मंचावरच्या सगळ्यांचा पोळा आयुष्यभर लाकडी बैलाचा होता. त्या बैलाला चाकं असतात. त्याच्या गळ्यात दोरी बांधून लहानपणी प्रत्येकानं त्याला गल्लीभर ओढलेलं होतं आणि बैलानं कधी तक्रार केली नव्हती.

श्रीकृष्णरावांनी गावाबाहेरच्या तांड्यावरच्या देवसिंगला फोन लावला. त्याच्या शेताची मोजणी त्यांच्याच हातून झाली होती.

"देवसिंग, पोळ्याले तुझी बैलगाडी पाहिजे."

"घेऊन जा ना साहेब. उभीच राह्यते थे त्या दिवशी."

बॅनरसाठी वर्गणी गोळा करायचं काम नयनभाऊंकडे होतं. ते गणपतीच्या वर्गणीला ज्या दुकानांत जात त्याच दुकानांत सवयीनं गेले, आणि लखनशेठच्या पंपावरही गेले. लखनशेठनंही सवयीनं वर्गणी दिली. त्यामुळे 'इंधनावर बहिष्कार' या मोठ्या अक्षरांच्या खाली, कोपऱ्यात, 'सौजन्य : लखनशेठ, पेट्रोल पंप' असं छापून आलं. श्रीकृष्णरावांनी बॅनर पाहिला आणि भिंतीला टेकले. पण आता दुसरा छापायला वेळ नव्हता.

तर अशी तयारी करून पोळ्याच्या सकाळी मंचाची मंडळी पायी तांड्याकडे निघाली. बरोबर स्थानिक बातम्या मोबाईलवर दाखवणारा क्षितिज होता. तो पहिल्या पावलापासून लाइव्ह होता. श्रीकृष्णरावांच्या घरासमोरच्या ओट्यावर चहाटपरीवाला उकंडा सकाळपासून येऊन बसला होता. त्यानं टपरी बंद ठेवली होती.

"तू इथं कायले बसला?" श्रीकृष्णरावांनी जाताना विचारलं.

"काई नाई साहेब," उकंडा स्कूटरच्या पांघरुणाकडे पाहत म्हणाला. "सहज."

तांड्यात देवसिंगनं गाडी धुऊन दारात उभी केली होती. बांबूही बांधून ठेवला होता, बॅनरसाठी. गाडी रबरी टायरची होती, रुंद आणि भक्कम. श्रीकृष्णरावांना गहिवरून आलं.

"टायरले थोडी हवा कमी हाय," देवसिंग म्हणाला, "पण चालते."

"चालते, चालते. बैल कुठं आहेत?"

"हे काय. नाल्यावर धुऊन आणले. आता शिंगं रंगवून राह्यलो."

"झाले की जुप."

देवसिंगचा ब्रश शिंगावर थांबला. लाल रंगाचा ओघळ बैलाच्या कपाळावर आला, तरी त्यानं तो पुसला नाही.

"काय म्हणलं साहेब?"

"जुप म्हटलं. चौकात लोक वाट पाहून राहिले."

शेजारच्या दारात बैलाची झूल शिवणारा माणूस सुई हातात धरून तसाच राहिला. देवसिंगची आई भुरीबाई पूजेचं ताट घेऊन बाहेर येत होती, तिनं ताट ओट्यावर टेकवलं. कोणी कोणाच्या घरी जाऊन देवघर विकत मागावं, तसे सगळे श्रीकृष्णरावांकडे पाहत होते.

"यायच्या घरी कोणी म्हातारं मानूस नाई का?" भुरीबाईनं मुलाला विचारलं.

"याडी, तू थांब," देवसिंग आईला म्हणाला. मग हळू आवाजात, दुःखाची बातमी सांगावी तसं, म्हणाला, "साहेब, आज पोळा हाय."

"म्हणून तर."

"पोळ्याले बैलाच्या मानेवर जू ठेवत नाई. काठीसुद्धा दाखवत नाई. काल संध्याकाळी आमी त्यायचे खांदे शेकले, तूप-हळद चोळली, हात जोडून म्हणलं का उद्या जेवाले या. अन् आज जुपू?"

श्रीकृष्णरावांनी सदाशिवरावांकडे पाहिलं. सदाशिवरावांनी पोळ्याचा निबंध शाळेत जन्मभर लिहून घेतला होता.

"हो," सदाशिवराव आठवत म्हणाले, "निबंधात तसं काहीतरी होतं खरं."

"मग तू फोनवर हो कायले म्हटलं?" श्रीकृष्णरावांनी देवसिंगला विचारलं.

"तुमी गाडी मागतली. गाडी देली. मले वाटलं फोटो काढाले लागत असन. शहरातले लोक काढतेत."

क्षितिज मोबाईलमध्ये दबक्या आवाजात सांगत होता, "प्रेक्षकहो, धक्कादायक घडामोड. बैलांनीही आज बहिष्कार टाकला आहे."

देवसिंग मनानं चांगला होता. साहेबांचा चेहरा पाहून त्याला कसंतरी झालं. "माह्या मोटारसायकलीले बांधून देतो गाडी," तो म्हणाला. "आत्ता चौकात नेऊन सोडतो."

"पेट्रोल," श्रीकृष्णराव क्षीणपणे म्हणाले.

"मग तांड्याच्या नायकाचा ट्रॅक्टर?"

"डिझेलचं आपण काही बोललो नव्हतो," नयनभाऊ आशेनं म्हणाले. सगळ्यांनी बॅनरकडे पाहिलं. बॅनरवर 'इंधन' लिहिलं होतं. तो शब्द सदाशिवरावांनी सुचवला होता, कारण पेट्रोल हा मराठी शब्द नाही.

आता दोनच रस्ते होते. मुकाट्यानं घरी जायचं, किंवा गाडी स्वतः ओढायची. क्षितिजच्या मोबाईलवर गाव पाहत होतं. श्रीकृष्णरावांनी चष्मा खिशात ठेवला, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि जुवाची एक बाजू उचलली. दुसऱ्या बाजूला नयनभाऊ लागले. सदाशिवरावांचे गुडघे दुखत असल्यानं ते माईक घेऊन गाडीत बसले. बाकीचे मागून ढकलायला गेले.

भुरीबाईला सकाळपासूनचा हा दुसरा धक्का होता. साहेब लोक जुवाखाली गेलेले तिनं जन्मात पाहिले नव्हते. पण पोळ्याच्या दिवशी जुवाखाली जो कोणी आहे त्याला तसंच जाऊ देणं तिच्या मनाला पटेना. ती ताट घेऊन आली आणि तिनं दोघांच्या कपाळाला कुंकू लावलं, मानेवर हळद लावली, पुरणपोळीचा एकेक घास तोंडात दिला. नयनभाऊंनी तो मुकाट्यानं खाल्ला.

पहिला टप्पा चांगला गेला. गाडी हलली, सदाशिवराव "दरवाढ मागे घ्या" म्हणाले, मागच्यांनी "घ्या" म्हटलं. देवसिंग आपली गाडी सुखरूप परत यावी म्हणून मोटारसायकलवरून हळूहळू बाजूनं चालला होता. मग उतार लागला. उतारावर गाडी ओढावी लागत नाही हे पाहून श्रीकृष्णरावांना क्षणभर बरं वाटलं. लगेच त्यांच्या लक्षात आलं की आता गाडीच आपल्याला ढकलत आहे. ते भरभर चालू लागले. मग पळू लागले. मागून ढकलणारे मागेच राहिले.

"दरवाढ मागे," सदाशिवराव माईकवर म्हणाले, आणि पुढे, "हळू. हळू. अहो श्रीकृष्णराव, मी आत आहे."

"टाचा रोवा साहेब," देवसिंग बाजूनं ओरडत होता. "बैल टाचा रोवतेत."

टाचा रोवायला श्रीकृष्णरावांच्या पायात चप्पल राहिली नव्हती. नयनभाऊ कधीच जू सोडून बाजूच्या तुरीत गेले होते. उताराच्या तळाशी चाक खड्ड्यात आदळलं, मोठा आवाज झाला, टायरची उरलीसुरली हवा गेली आणि गाडी एका कुशीवर बसली. श्रीकृष्णराव जुवाखाली गुडघ्यावर आले. क्षितिजचा मोबाईल हातातून उडाला आणि गावाला त्यानंतर नुसतं आभाळ दिसत राहिलं.

श्रीकृष्णरावांनी मान वर करून पाहिलं, तर समोर लखनशेठचा पंप होता.

गावाच्या या टोकाला हवा भरायचं यंत्र तिथंच होतं, दुसरीकडे कुठंही नाही. लंगडणारी बैलगाडी आत घ्यायला स्वतः लखनशेठ हात जोडून पुढे आले. "या, अध्यक्षसाहेब."

"आम्ही बहिष्कार टाकायला आलो," श्रीकृष्णराव धापा टाकत म्हणाले.

"माईत हाय ना. बॅनर माहाच हाय. बसा, पानी घ्या."

हवा घेतली तर बहिष्कार मोडतो का, यावर तिथंच चर्चा झाली. हवा कोणाच्या मालकीची नसते, असा निर्णय सदाशिवरावांनी गाडीतून न उतरता दिला. तेवढ्यात श्रीकृष्णरावांचं लक्ष पंपाकडे गेलं आणि ते पाण्याचा पेला तोंडाशी धरून तसेच राहिले. पंपावर रांग लागली होती. गाडी ओढणारा अध्यक्ष पाहायला गावोगावचे लोक मोटारसायकलींवरून आले होते. सण, सुटी, हाताला काम नाही. आले होते, पंप समोर होता, म्हणून टाक्या भरून घेत होते.

"पोळ्याले धंदा दरवर्षी ठप्प राह्यते साहेब," लखनशेठ मनापासून म्हणाले. "औंदा तुमच्यानं झाला. दिवाळीले बी एखादा मोर्चा ठेवा."

"आणि भाव?" श्रीकृष्णरावांनी विचारलं. "भाव कधी उतरणार?"

"भाव काय मी लावतो? मले बी सकाळी मशीनवरच दिसते. आज नाई भरलं त उद्या भरसान, कंपनीले काय कळन? गाड्या खरंच कमी फिरल्या त कळन एखाद्या वेळेस. पन माप माहं चोख हाय, हे लिहून घ्या."

श्रीकृष्णराव मापाबद्दल काहीतरी बोलणार होते. पण तेवढ्यात लांबून एक आवाज आला. जगात एवढ्या गाड्या आहेत, पण हा आवाज ते झोपेतही ओळखत. तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात, मग पहिल्यात, एकही झटका न देता, त्यांची स्कूटर पंपाच्या आवारात वळली. ती रजनीबाई चालवत होत्या. पदर खोचलेला, हाताला पुरण लागलेलं. मागे उकंडा दोन्ही डोळे मिटून बसला होता.

घडलं ते असं. उकंडानं मोबाईलवर उतार पाहिला, मोठा आवाज ऐकला, आभाळ पाहिलं आणि धावत जाऊन सांगितलं, "काकू, साहेब गाडीखाली आले." रजनीबाईंनी गॅस बंद केला आणि बाळकृष्णाच्या शेजारची चावी उचलली.

"तुम्ही बरे आहात?" रजनीबाईंनी विचारलं.

"तू स्कूटर चालवली?" श्रीकृष्णरावांनी त्याच क्षणी विचारलं.

रजनीबाईंनी त्यांचे गुडघे पाहिले, हात पाहिले, मोडलं काही नाही याची खात्री केली. मग डोळ्यांवरून पदर फिरवला आणि त्यांना राग आला. "मी मेले होते तिकडे, अन् तुम्ही खुर्चीवर बसून पाणी पिऊन राहिले."

"पण तुला येते कशी?"

"केतकीनं शिकवली. ती कॉलेजात होती तेव्हा."

"मग तेव्हापासून..."

"रोज नाही. तुम्ही निवृत्त झाले, दुपारी झोपायला लागले, तेव्हापासून रोज. दिग्रस रोडनं जायचं, निंबाच्या झाडापर्यंत, अन् परत. चहाच्या आधी येत होते मी."

दुपारची झोप, उतरणारा काटा, निर्दोष इंजिन, महागाईच तशी आहे. एकेक गोष्ट श्रीकृष्णरावांच्या डोळ्यांपुढून गेली. ज्या पेट्रोलसाठी त्यांनी मंच काढला, सभा घेतली, जू उचललं, ते पेट्रोल दिग्रस रोडवर निंबाच्या झाडापर्यंत जाऊन येत होतं. लखनशेठनं मापाच्या मशीनवर हात ठेवला.

शपथेची आठवण क्षितिजला झाली. मोबाईल सापडला होता. "प्रेक्षकहो, अध्यक्षांच्या घरचं माणूस पेट्रोलवर," त्यानं सुरुवात केली, आणि उकंडानं डोळे उघडले.

"मी पाह्यलं," उकंडा स्कूटरवरून उतरत म्हणाला. "सगळ्यात पयले मी पाह्यलं. सकाळपासून पाहून राह्यलो. स्कूटर माही."

श्रीकृष्णरावांनी स्कूटरचं हँडल धरलं. गाव पाहत होतं, आणि शब्द तर त्यांनी स्वतःच दिला होता, चावीसकट.

"तू मागून पाहिलं, उकंडा," रजनीबाई म्हणाल्या. "मी पुढून पाहिलं. किक मी मारली. माझ्या आधी कोणाला दिसणार?"

"पण वहिनी, तुम्ही तर घरच्याच," नयनभाऊ म्हणाले. ते तुरीतून नुकतेच आले होते.

"घरचं माणूस ज्याला दिसेल त्यानं घेऊन जावी, असंच म्हणाले ना हे? मला दिसलं."

सगळ्यांनी सदाशिवरावांकडे पाहिलं. सदाशिवरावांनी प्रश्न नीट तपासला, दोनदा मान हलवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या उत्तरात त्यांना चूक सापडली नाही. "स्कूटर वहिनींची," त्यांनी माईकवरून जाहीर केलं.

रजनीबाईंनी स्कूटर रांगेत लावली. रिझर्व्हवर आली होती ती.

"रजनी, आज नको," श्रीकृष्णराव अगदी हळू म्हणाले. "डोक्यावर बॅनर आहे. उद्या भर."

"उद्या भाव कमी होणार आहे का?"

आजूबाजूचे सगळे अध्यक्षांच्या तोंडाकडे पाहू लागले. श्रीकृष्णरावांनी खिशातून चष्मा काढून पुसला. रजनीबाई पंपावरच्या पोराला म्हणाल्या, "फुल करा."

देवसिंगनं सगळ्यांदेखत गाडी मोटारसायकलीला बांधली आणि तो पोळ्याला वेळ होतो म्हणून निघून गेला. त्या गाडीत सदाशिवराव अजून बसलेले होते. श्रीकृष्णराव स्कूटरवर मागे बसले. या सीटवर ते कधी बसले नव्हते. धरायला कुठं असतं तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"आधी झुकव," ते म्हणाले.

"बोलू नका. सुरू होईपर्यंत बोलायचं नसतं," रजनीबाई म्हणाल्या. स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली. श्रीकृष्णरावांच्या हातून ती कधीच पहिल्या किकला होत नसे.

संध्याकाळी श्रीकृष्णरावांचे खांदे सुजले. ते पाटावर उघडे बसले होते आणि रजनीबाई वाटीत तूप-हळद कोमट करून खांद्यावर चोळत होत्या. समोर पूजा झालेला लाकडी बैल आपल्या चाकांवर उभा होता. श्रीकृष्णरावांनी आज पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"खांदे आदल्या दिवशी शेकतात म्हणे," ते कण्हत म्हणाले.

"काल तुम्ही कुठं जुवाखाली होते?"

बाहेर स्कूटर पांघरुणाशिवाय उभी होती.

"रजनी," श्रीकृष्णरावांनी शेवटी विचारलं, "उद्या मला एक चक्कर मारू देशील? बँकेपर्यंतच."

रजनीबाईंनी वाटी बाजूला ठेवली, हात पुसले आणि चावी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"सकाळी पेट्रोलचा भाव पाहते," त्या म्हणाल्या, "मग सांगते."